काडी काडी जमवून...

"ताई, तिथंच थांबा! टेबलाले धक्का लागन!"

दारात पाय टाकते न टाकते तोच आतून आवाज आला आणि मी उंबऱ्यातच थबकले. गोष्ट नोव्हेंबरातली. बचत गटाच्या बैठकीला ही दोनदा आली नव्हती, हप्ताही दुसरीच्या हाती पाठवला होता. म्हणून म्हटलं, घरी डोकावून यावं. आमच्या हिंगण्यात अशी चौकशी करावीच लागते. बाई बैठकीला यायची थांबली, की त्यामागे बहुतेक वेळा आजारपण असतं, नाहीतर घरात दारू शिरलेली असते.

इथं भलतंच काही चाललं होतं. भर दुपारी खिडकीला गोधडी लावून अंधार केलेला. शिलाई मशीनवर फळी टाकून तिच्यावर काळा कागद चिकटवलेला आणि त्यावर माचिसच्या पंधरा-वीस काड्या मांडलेल्या. दोन्ही बाजूंना स्टीलचे दोन उंच डबे, डब्यांवर आडवी लाकडी पट्टी आणि पट्टीला रबरानं बांधलेला मोबाइल, तोंड खाली करून. बाजूला एक एलईडी बल्ब लटकवलेला. ही बाई भुवया कोरायच्या चिमट्यानं एक काडी धरायची, ज्वारीच्या दाण्याएवढी सरकवायची, हात मागे घ्यायची आणि फोटो काढायची. पुन्हा काडी, पुन्हा फोटो.

"काय करून राहिली वं हे?"

"पिक्चर," ती म्हणाली. मान वर न करताच.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला आधी हसू आलं. फॉल-पिको करणारी आमची ही बाई, दहावीनंतर शाळा सुटलेली, आणि काड्यांचा पिक्चर काढतेय! पण तिनं तोवर काढलेले फोटो मोबाइलवर सलग चालवून दाखवले, तेव्हा माझं हसू थांबलं. माचिस आपोआप उघडली, एक काडी बाहेर डोकावली, इकडेतिकडे पाहिलं आणि टुणकन उडी मारून बाहेर आली. जेमतेम पाच सेकंदांचं काम. पण ती काडी जिवंत होती हो!

तिचं नाव इथं लिहीत नाही, तिनंच तसं सांगितलंय. पण तिच्यामुळे मी या विषयाच्या मागे लागले. वाचलं, पाहिलं, मुलाकडून समजून घेतलं. आणि जे हाती आलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हिशेब तरी बघा!

आपल्या पिढीला अॅनिमेशन म्हणजे काय हे दूरदर्शननं शिकवलं. 'एक अनेक और एकता' आठवतो ना? तो पक्षी, ती पोरं, ते जाळं. १९७४ साली विजया मुळे या आपल्या मराठी बाईंनी तो केला, भीमसेन यांनी त्याची चित्रं हलती केली. त्यातला गोड आवाज साधना सरगम यांचा, तेव्हा त्या लहान होत्या. सात मिनिटांचा तो लघुपट बघताना त्यामागं किती हात राबले असतील, हा विचार आपल्या मनात कधी आला नाही.

सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. अॅनिमेशनवाले बऱ्याचदा एकच चित्र दोनदा धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं तरी लागतातच. मिनिटाला झाली ७२०. दहा मिनिटांच्या लघुपटाला ७,२००. एकट्या माणसानं रोज २० चित्रं काढली, तर ३६० दिवस. म्हणजे दिवाळी नाही, माहेर नाही, तापाचा दिवस नाही, तेव्हा कुठं वर्षाकाठी दहा मिनिटं!

म्हणूनच मोठ्या कंपन्यांत हे काम शेकडो माणसं वाटून घेतात. एक जण पात्र ठरवतो, दुसरा मागचा देखावा रंगवतो, तिसरा हालचाल काढतो. पण जगात असेही लोक होऊन गेले, आजही आहेत, ज्यांनी हे सगळं एकट्यानं अंगावर घेतलं. फ्रान्समध्ये एमिल कोल नावाच्या गृहस्थांनी १९०८ साली हातानं ७०० चित्रं काढून मिनिट-दीड मिनिटाचा चित्रपट केला होता. आणि त्यानंतर चारच वर्षांनी आपल्या दादरमध्ये एका घरात वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यासमोर वाढत होतं.

वाटाणा, काडी आणि सरस्वतीबाई

दादासाहेब फाळके म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो, १९१३ सालचा. पण त्याच्या आधी त्यांनी एक चिमुकला चित्रपट केला होता, 'अंकुराची वाढ'. १९१२ साली विम्याच्या पॉलिसींवर कर्ज काढून ते लंडनला गेले, तिथून कॅमेरा मागवला. आता 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा लावणारा सावकार हवा. त्याला पटणार कसं? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त काळ, रोज थोडं थोडं, त्याचं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटून वेल वर चढताना दिसला. पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. तरी पुरलं नाही, शेवटी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, ते वेगळंच.

पुढे पहिलं महायुद्ध लागलं, कच्च्या फिल्मची ओढाताण सुरू झाली. त्या दिवसांत, १९१५ च्या सुमारास, फाळक्यांनी आणखी एक छोटा चित्रपट केला. त्याचं नाव 'आगकाड्यांची मौज'. नुसत्या माचिसच्या काड्या सरकवून, एकेक चित्र टिपून केलेला. त्याची प्रत आज राहिलेली नाही. पण आपल्या देशात अशा चलत्-चित्रांची सुरुवात ज्या मोजक्या कामांनी झाली, त्यात हे नाव पहिल्या ओळीत घेतात.

हे मी आमच्या बाईला सांगितलं तेव्हा तिनं चिमटा खाली ठेवला. "म्हणजे हे माह्या आधीच कोणी करून ठेवलं का?" तिचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाली, "पण त्यायच्या काड्या वेगळ्या, माह्या वेगळ्या."

मला मात्र सरस्वतीबाईंच्या जागी थांबावंसं वाटलं. त्या काळी फिल्मची गुंडाळी कडेला भोकं न पाडताच यायची. प्रकाश लागला तर खराब होणार, म्हणून अंधारात बसून यंत्रानं भोकं पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. फिल्म धुणं शिकल्या, कॅमेऱ्यात भरणं शिकल्या. आणि हे सगळं साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून. २००९ साली परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला, त्यात विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाई उभ्या केल्या, तेव्हा कुठं आपल्याला त्या नीट दिसल्या. फाळके एकट्यानं सगळं करत, असं आपण म्हणतो. त्यांची जिद्द मोठीच. पण त्या एकट्याच्या मागे घरातलं कोणीतरी अंधारात भोकं पाडत बसलं होतं, हे विसरायला नको.

एक म्हातारी, एक मांजर

आता अगदी अलीकडचं. 'ऑक्टोबर' नावाचा हिंदी चित्रपट २०१८ साली आला होता. त्यात कोमात गेलेल्या मुलीच्या उशाशी बसणारी आई आठवते का? तो चेहरा गीतांजली राव यांचा. नट म्हणून आपण त्यांना तिथं पाहिलं, पण त्यांचं खरं काम चित्रांचं. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेतून शिकलेल्या या बाई अॅनिमेशन स्वतःच्या स्वतः शिकल्या.

२००६ साली त्यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा लघुपट केला. गोष्ट काय, तर शहरातल्या एका खोलीत राहणारी एकटी म्हातारी आणि तिची मांजर. म्हातारीकडे माचिसच्या डब्यांचा साठा आहे. ती एकेक डबी उघडते आणि तिच्यावरच्या रंगीत चित्रात शिरते. बाहेरचं जग करडं, डबीतलं रंगीबेरंगी. चित्रं त्यांनी स्वतः रंगवली, दिग्दर्शन स्वतःचं, निर्मितीही स्वतःचीच. पंधरा मिनिटं आपल्या वरच्या हिशेबात घालून बघा, म्हणजे हाताची काय दशा झाली असेल ते कळेल. त्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात, समीक्षकांच्या विभागात, या लघुपटाला तीन पुरस्कार मिळाले.

पुढे त्यांनी 'बॉम्बे रोझ' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तोही हातानं रंगवलेला. मात्र तिथं त्यांच्याबरोबर चित्रकारांची मोठी फळी होती. २०१९ साली व्हेनिसला समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्या चित्रपटानं झाली. पण हे दार उघडलं ते एकटीनं केलेल्या पंधरा मिनिटांनी.

मला यात एक गंमत वाटली. फाळक्यांच्या काड्या, गीतांजली रावांच्या माचिसच्या डब्या आणि आमच्या हिंगण्याच्या बाईच्या पुन्हा काड्याच! माचिस ही आपल्या हाताखालची वस्तू. दिवसातून दहादा आपण तिला हात लावतो, तिच्याकडे बघत मात्र नाही.

बाहेरच्या जगातही असंच आहे. जर्मनीच्या लोटे रायनिगर या बाईंनी कात्री आणि काळा पुठ्ठा घेऊन सावल्यांच्या बाहुल्या कापल्या. एका गॅरेजच्या माळ्यावर तीन वर्षं खपून १९२६ साली 'प्रिन्स अहमद'चा पूर्ण चित्रपट केला. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'च्या अकरा वर्षं आधी! कॅमेरा त्यांचे यजमान सांभाळत, हाताखाली मोजकी माणसं. आणि गिंट्स झिल्बालोडिस नावाचा लाटव्हिया या छोट्याशा देशातला तरुण. त्यानं 'अवे' नावाचा सव्वा तासाचा चित्रपट साडेतीन वर्षं खपून अगदी एकट्यानं केला. चित्रं त्याची, गोष्ट त्याची, संगीतही त्याचंच. २०१९ साली तो लोकांसमोर आला. पुढे त्यानं थोडी माणसं जमवून, ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीवर, पुरात वाहत जाणाऱ्या एका मांजरीचा चित्रपट केला, 'फ्लो'. मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, बड्या बड्या कंपन्यांच्या चित्रपटांना मागे टाकून. म्हणजे साधन महाग हवं असं काही नाही. मग अडतं कुठं?

मोबाइल नवऱ्याचा, टेबल मशीनचं

अडतं ते इथं. आमच्या या बाईच्या घरात स्मार्टफोन एकच, नवऱ्याचा. तो एमआयडीसीत पाळीवर जातो. त्याची रात्रपाळी असली की तो सकाळी येऊन झोपतो, तेवढा वेळ फोन हिच्या हाती. दिवसपाळीचा आठवडा आला की पिक्चर बंद. मग फळी जशीच्या तशी उचलून पेटीवर ठेवायची, वर चादर टाकायची. डबे कुठं होते, पट्टी कुठं होती, याच्या खुणा तिनं नेलपॉलिशनं करून ठेवलेल्या. आठवड्यानंतर पुन्हा त्याच खुणांवर डबे.

दुसरी अडचण मशीनची. काड्या मांडल्या की मशीन झाकली जाते. म्हणजे पिक्चरचा प्रत्येक तास हा फॉल-पिकोचा बुडालेला तास. तिनं मला सरळ सांगितलं, "ताई, महिन्यात ब्लाउज कमी झाले. म्हणून हप्ता दुसरीच्या हाती पाठवला. तुमच्यासमोर याची लाज वाटे." मी काय बोलणार? बचत गटात मीच सगळ्यांना सांगत असते, की हाताला काम ठेवा, रिकामं बसू नका. आता ही रिकामी बसली होती का?

तिसरी अडचण घरची माणसं. लहान पोरगा धावत आला, काड्या हलल्या, चाळीस फोटो वाया. शेजारीण दही मागायला आली, तिनं कौतुकानं एक काडी उचलून पाहिली, गेलं काम. लाइट गेली, तेव्हा गोधडी काढून खिडकीच्या उजेडात पुढचे फोटो घेतले, तर चित्र मध्येच निळं दिसायला लागलं, पुन्हा पहिल्यापासून. सासू रोज बडबडायची, "काड्या खेळाचं वय हाय का हे?"

आणि एका संध्याकाळी तर कहरच झाला.

तिच्या पिक्चरची जी मुख्य काडी, म्हणजे नायिका, तिच्या डोक्याला तिनं खुणेसाठी लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावला होता. बाकीच्या काड्या बाहेर येतात, फुगडी खेळतात, घर बांधतात, झाड होतात आणि शेवटी माचिसमध्ये परत जातात, अशी तिची गोष्ट. अर्ध्याहून जास्त फोटो झाले होते. त्या संध्याकाळी ती भाजीला सांबार आणायला बाहेर गेली. दिवेलागणीची वेळ झाली, देवघरातली माचिस संपलेली. सासूनं टेबलावरची एक काडी उचलली, ओढली आणि दिवा लावला.

नायिकाच जळाली!

सून परत आली आणि रडायलाच बसली. सासू बिचारी गोंधळून गेली. "मले का मालूम, ते तुई हिरोईन होय म्हणून!" हे ऐकून आम्ही नंतर खूप हसलो, पण त्या दिवशी घरात कोणी हसलं नाही. दोन दिवस हिनं काड्यांना हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सासूनंच ती अर्धी जळालेली काडी आणून टेबलावर ठेवली. देवघरात दिव्याच्या ताटलीत तशीच पडली होती. म्हणाली, "घे तुई काडी. जयली त का झालं, काडीच हाय ना ते."

हिनं ती काडी बराच वेळ हातात धरली. आणि तिची गोष्ट तिथंच बदलली.

अठ्ठेचाळीस सेकंद

इथं एक सांगायला हवं. ही सासू बारा वर्षांपासून विधवा आहे. आमच्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला ती सुनेला पाठवते, स्वतः येत नाही. आलीच तर आतल्या खोलीत बसते, तिळगूळ घेते आणि निघते. मी वीस वर्षं समाजकार्य करते म्हणवते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी महिला मंडळात त्यावर भाषणही दिलं होतं. टाळ्या पडल्या. पण येत्या जानेवारीत करंडा हाती घेतला, की माझा हात अजूनही कुठं थांबतो, हे मला ठाऊक होतं. तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना, कुंकू मात्र बघून. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी आमच्या घरी हळदी-कुंकू होतं. मी तिला म्हटलं, तुझा पिक्चर टीव्हीवर लावू. माझ्या मुलानं जोडणी करून दिली. तीसेक बाया बसलेल्या. सासूलाही सुनेनं हट्टानं आणलं होतं, "तुमची काडी हाय त्यात" असं म्हणून.

पिक्चर फक्त ४८ सेकंदांचा. सेकंदाला आठ फोटो, एकूण ३८४. माचिस उघडते. काड्या बाहेर येतात, गोल करतात, फुगडी घालतात. मग एका कोपऱ्यातून ती जळकी काडी येते, अर्धी काळी, वाकलेली. फुगडी थांबते. सगळ्या काड्या एकेक करून मागे सरकतात. काळी काडी मधोमध एकटी. तिथं तिनं पूर्ण तीन सेकंद काहीच हलवलेलं नाही, ते तीन सेकंद फार मोठे वाटतात. मग सगळ्यात लहान काडी, तुटकी, पुढे येते. तिच्याभोवती एक फेरी मारते, तिला टेकते. आणि फुगडी पुन्हा सुरू. बस्स, संपलं. आवाज म्हणून फक्त बांगड्यांचा किणकिणाट, रात्री गोधडीत डोकं घालून तिनंच मोबाइलवर टिपलेला.

खोलीत कोणी बोललं नाही. मग सासूच म्हणाली, "परत लाव." पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

मी करंडा उचलला. पण माझ्या आधी सून उठली, माझ्या हातून करंडा घेतला आणि सासूसमोर बसली. म्हातारीनं हळद लावून घेतली. कुंकवाचं बोट पुढे आलं तेव्हा तिनं सुनेचा हात धरला. "आज एवढंच. एकदम नको." सुनेनं जबरदस्ती केली नाही. पण त्या दिवशी म्हातारी आतल्या खोलीत गेली नाही, बायांच्या मधोमध बसून राहिली आणि जाताना दोघींनी तिच्या पाया पडून वाण दिलं.

माझ्या भाषणानं जे झालं नव्हतं, त्याची सुरुवात तेवढ्या ४८ सेकंदांनी केली. पुढे काय होईल ते पुढच्या संक्रांतीला बघू.

तुम्हालाही करता येईल

त्या दिवसापासून दोन-तीन पोरी तिच्या मागे लागल्यात, आम्हालाही शिकवा म्हणून. तिनं त्यांना जे सांगितलं, ते तुमच्यासाठी थोडक्यात देते.

आधी गोष्ट ठरवा, तीही दोन वाक्यांत सांगता येईल एवढीच. जुन्या डायरीत चौकोन आखून प्रत्येक चौकोनात एकेक प्रसंग काढून ठेवा, चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल. जे घरात आहे तेच पात्र करा: काड्या, डाळीचे दाणे, बटणं, कणकेचे गोळे. मोबाइल असा बांधा की तो तसूभरही हलणार नाही. खिडकी बंद करून एकाच बल्बचा उजेड ठेवा, कारण ऊन सरकतं आणि चित्राचा रंग बदलतो. फोन विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन तो थरथरतो. फोटो घेताना पडद्यावर बोट मारलं तरी धक्का बसतो. बऱ्याच फोनमध्ये वायरवाल्या इअरफोनचं आवाजाचं बटण दाबलं की फोटो निघतो, ते वापरा. वस्तू दर वेळी दाण्याएवढीच सरकवा. घाई दाखवायची तर जास्त सरकवा, दुःख दाखवायचं तर मुळीच नका सरकवू. फोटो जोडून चित्रपट करणारी फुकट अॅपं मोबाइलवर मिळतात. सुरुवातीला सेकंदाला आठ फोटो पुरेत. पहिला प्रयत्न दहा सेकंदांचाच करा, म्हणजे ऐंशी फोटो. आणि दर वीस-पंचवीस फोटोंनी उठा, कंबर सरळ करा, डोळ्यांवर पाणी मारा. सतत सिनेमे पाहून-पाहून फाळक्यांच्याही डोळ्यांना त्रास झाला होता.

माझा मुलगा म्हणाला, "आई, आता एआयला सांगितलं की ते दोन मिनिटांत असा व्हिडिओ करून देतं." देत असेल. मी त्याला विचारलं, त्यात आजीनं दिव्याला लावलेली काडी कुठून येईल? तो म्हणाला, हो, ते नाही येणार.

यातून पैसा मिळतो का, असं कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. लगेच मिळत नाही. आमच्या बाईचे ब्लाउज बुडाले ते बुडालेच. पण बचत गटानं एक ठराव केला, माझ्या आग्रहावरून नाही, बायांनीच मांडला. गटाच्या पैशातून एक साधा स्मार्टफोन घ्यायचा. तो हप्त्याहप्त्यानं ज्या बाईला लागेल तिच्या घरी राहील, मग ती पिक्चर काढो नाहीतर लेकीचा अभ्यास घेवो. नवऱ्याच्या पाळीवर बाईची पाळी अवलंबून राहायला नको, एवढंच.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात कोणी पोरगी, कोणी सून अशी काही घेऊन कोपऱ्यात बसलेली दिसली, तर तिला "रिकामटेकडी" म्हणण्याआधी तिच्या टेबलाकडे एकदा बघा. दुपारचा एक तास तिला कोणी हाक मारणार नाही, एवढी व्यवस्था करा. आपण काडी काडी जमवून संसार उभा करतो, असं आपल्याकडे म्हणतातच. त्यातल्या चार काड्या तिच्या तिला राहू द्या.

परवा पुन्हा तिच्या घरी गेले होते. ती नव्या पिक्चरची तयारी करत होती. सासू दारातच बसलेली. पोरांना आत जाऊ देत नव्हती, शेजारणीलाही बाहेरच थांबवत होती. मला म्हणाली, "बसा ताई, आत्ता फोटो चालू हाय." मग पदराच्या गाठीतून सुटे पैसे काढून नातवाच्या हातावर ठेवले.

"जाय रे, दुकानातून दोन माचिसा आन. एक देवाची, एक पिक्चरची."